एकशे एकोणपन्नास रुपयांचे अर्थकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



दरमहा एकशे एकोणपन्नास रुपये ही रक्कम अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने दखल घ्यावी एवढी मोठी नाही, असे कोणालाही वाटेल. शेतमालाचे भाव, बेकारी, कामगार कायद्यांतील बदल असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असताना ओटीटीवरील चित्रपटांची वर्गणी कशी भरावी या विषयाला अभ्यासवर्गात स्थान कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मोठी व्यवस्था कशी चालते हे पुष्कळदा लहान व्यवहारातच स्वच्छ दिसते. चिमूटभर मिठाची किंमत ती काय असणार! पण त्या मिठावर कर कोण बसवतो, या प्रश्नातून १९३० साली या देशात एक लढा उभा राहिला.

नेटफ्लिक्स ही अमेरिकन कंपनी जानेवारी २०१६ मध्ये भारतात आली, तेव्हा तिचा किमान मासिक दर ५०० रुपये होता. जुलै २०१९ मध्ये केवळ मोबाइलवर पाहणाऱ्यांसाठी १९९ रुपयांचा दर निघाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तोच १४९ रुपयांवर आला. दर उतरला तसा या मालाचा ग्राहक मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतून तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचला. अडचण सुरू होते ती तेथे.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या प्राथमिक शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. त्याचा पगार जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत जमा होतो. बचत गावच्या नागरी सहकारी बँकेत आहे. बँकेने त्याला कार्ड दिलेले आहे. त्या कार्डावर एटीएममधून पैसे निघतात, किराणा दुकानातील यंत्रावर बिल चुकते होते. मुलीच्या हट्टाखातर तो वर्गणी भरावयास बसतो, कार्डावरचे आकडे टाकतो, आणि पडद्यावर उत्तर उमटते की हे कार्ड चालणार नाही, दुसरे वापरावे. कारण सांगितलेले नसते. कारण सांगितलेले नसल्यामुळे दोष तो स्वतःकडे आणि आपल्या बँकेकडे घेतो. बँक मागासलेली आहे असे ठरवून तो शहरातील एखाद्या मोठ्या खासगी बँकेत खाते उघडतो. खात्याबरोबर त्याची ठेव जाते. ठेवी गेल्या, की गावच्या बँकेची गावातल्या सुताराला, दूधवाल्याला, छोट्या दुकानदाराला कर्ज देण्याची ताकदही जाते. एकशे एकोणपन्नास रुपयांचा प्रश्न मनोरंजनापुरता राहत नाही, तो असा.

कार्डामागचे चार हात

कार्डाने होणाऱ्या व्यवहारात ग्राहक आणि विक्रेता एवढे दोघेच दिसत असले, तरी त्यामागे आणखी हात असतात. ग्राहकाला कार्ड देणारी बँक हा एक. विक्रेत्याच्या वतीने पैसे गोळा करणारी बँक हा दुसरा. या दोन बँकांमध्ये निरोपाची आणि हिशेबाची ने-आण करणारे जाळे हा तिसरा. व्हिसा, मास्टरकार्ड आणि रुपे ही त्यांची नावे कार्डाच्या कोपऱ्यात छापलेली असतात. ओटीटीसारख्या दरमहाच्या वर्गणीत चौथा हात येतो. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ग्राहकाने काहीही न करता पैसे वळते करून घेण्याची जी परवानगी दिली जाते, तिची नोंद ठेवणारी यंत्रणा म्हणजे हा चौथा हात होय. तिला ई-मँडेट असे नाव आहे.

या चारांपैकी एकाने जरी हात आखडता घेतला, तरी व्यवहार अडतो. गावच्या बँकेचे कार्ड नाकारले जाते तेव्हा बहुधा पहिला आणि चौथा हात यांच्यामधला दुवा तुटलेला असतो. कार्ड खरे असते, खात्यात पैसे असतात, परंतु दरमहाच्या परवानगीची नोंद करण्याची सोय त्या बँकेने उभारलेलीच नसते. कधी कारण याहून साधे असते. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड देताना ते देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्र एवढ्यापुरतेच खुले ठेवावयाचे असते. ऑनलाइन व्यवहाराची सोय ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावयाची असते. ज्या जुन्या कार्डांवर ऑनलाइन व्यवहार कधीच झाला नव्हता, त्यांचीही ती सोय बंद करण्याचा आदेश त्याच परिपत्रकात होता. हेतू फसवणूक टाळण्याचा होता आणि तो योग्यच होता. पण ही कळ दाबावी लागते हे खातेदाराला त्याच्या भाषेत सांगण्याचे काम मात्र पुष्कळ ठिकाणी कोणी अंगावर घेतले नाही.

मौन म्हणजे संमती नव्हे

नियमांमुळे सामान्य माणसाची अडवणूक होते, सबब नियमच सैल करावेत, असा युक्तिवाद कंपन्यांच्या बाजूने नेहमी केला जातो. तो तपासून पाहिला पाहिजे.

एके काळी साप्ताहिकाची वर्षाची वर्गणी मनीऑर्डरने येत असे. मुदत संपली की अंकाबरोबर एक चिठ्ठी जाई. वर्गणीदार पोस्टात जाऊन फॉर्म भरी, पैसे मोजून देई, आणि त्या कृतीतून त्याची पुढील वर्षाची संमती व्यक्त होई. चिठ्ठी मिळूनही तो गप्प राहिला, तर त्याचा अर्थ नकार असा घेतला जाई. कार्डावरील आपोआप वसुलीने हा अर्थ नेमका उलटा केला. एकदा कार्डाचा क्रमांक दिला की गप्प बसणे म्हणजे होकार, आणि नकार द्यावयाचा तर धडपड ग्राहकाने करावयाची. पहिला महिना फुकट द्यावा, क्रमांक घेऊन ठेवावा आणि पुढे विसराळूपणावर कमाई करावी, हा जगभर रुळलेला व्यापार या उलटापालटीवरच उभा आहे.

भारतात या व्यापाराला रिझर्व्ह बँकेने टप्प्याटप्प्याने आवर घातला. ऑनलाइन कार्ड-व्यवहारासाठी क्रमांकाशिवाय आणखी एक खूण पटविणे १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीचे झाले. आज ओटीपी म्हणून सर्वांना परिचित असलेली पद्धत त्यातूनच रूढ झाली. हा नियम चुकविण्यासाठी काही कंपन्यांनी देशातल्या ग्राहकाचे देशातल्या सेवेचे पैसे परदेशी बँकेमार्फत गोळा करण्यास प्रारंभ केला. ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या पळवाटेवर बोट ठेवले आणि असे व्यवहार भारतातील बँकेमार्फत व भारतीय रुपयातच झाले पाहिजेत, असे बजावले. त्यानंतर २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने दरमहाच्या वसुलीचे नियम घालून दिले. परवानगी नोंदविताना ओटीपी हवा. प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. त्या सूचनेनंतर ती वसुली वा सारी परवानगीच रद्द करण्याचा मार्ग त्याला खुला पाहिजे. आणि या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येणार नाही. ओटीपीविना होणाऱ्या वसुलीची मर्यादा प्रथम २,००० रुपये होती. पुढे ती ५,००० आणि जून २०२२ मध्ये १५,००० करण्यात आली.

बँकांनी आणि कंपन्यांनी या नियमांच्या अंमलबजावणीत चालढकल केली. ३१ मार्च २०२१ ची मुदत आली तेव्हा तयारी अपुरी होती. मोठ्या प्रमाणावर ग्राहकांची गैरसोय होईल म्हणून रिझर्व्ह बँकेने सहा महिने वाढवून दिले, परंतु दिरंगाईबद्दल कानउघाडणीही केली. १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम प्रत्यक्षात आला. त्या महिन्यात पुष्कळांच्या वर्गण्या अडल्या, आणि दरमहाच्या छोट्या देणग्यांवर चालणाऱ्या सेवाभावी संस्थांनाही त्याची झळ पोहोचली, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि नियमाचे मूल्यमापन पहिल्या महिन्याच्या गोंधळावरून करावयाचे नसते. ज्यांनी दोन वर्षे तयारी केली नाही त्यांच्या आळसाचे खापर नियमावर फोडणे हे तर निव्वळ चातुर्य झाले. जगातील बलाढ्य कंपन्यांना भारतीय ग्राहकाच्या संमतीविषयीचे नियम भारताच्या सार्वजनिक संस्थेने घालून दिले आणि त्या कंपन्यांनी ते पाळले, ही वस्तुस्थिती येथे महत्त्वाची आहे. जागतिक भांडवलापुढे सरकारे हतबल असतात असे सांगणाऱ्यांना हे एक चांगले उत्तर आहे.

जाळे कोणाचे?

दुसरा प्रश्न जाळ्याच्या मालकीचा. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी विभागवार जबाबदारी घेण्याची शिफारस केली आणि तीमधून अग्रणी बँक योजना आकाराला आली. शाखा खेड्यांकडे निघाल्या. मात्र पुढे कार्डे आली तेव्हा शाखा देशाची आणि जाळे परक्याचे, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. देशातल्या देशात होणाऱ्या व्यवहाराचा निरोपही व्हिसा वा मास्टरकार्डच्या यंत्रणेतून जात असे आणि त्याचे मोल त्यांना पोहोचत असे.

ही स्थिती बदलण्यासाठी रिझर्व्ह बँक आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्या पुढाकाराने २००८ च्या डिसेंबरात नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची स्थापना झाली. ती नफा वाटणारी कंपनी नाही. तिने २०१२ च्या मार्चमध्ये रुपे हे देशी कार्ड सुरू केले. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली. तिच्यातील खातेदारांची संख्या आता पन्नास कोटींच्या पुढे गेली असून त्यांना द्यावयाचे कार्ड रुपे हेच आहे. सहकारी बँकांनाही कमी खर्चात कार्ड देणे यामुळे शक्य झाले.

ज्यांची मक्तेदारी खिळखिळी झाली त्यांना हे रुचले नाही. रुपेच्या प्रचारात राष्ट्रवादाचा वापर होत असल्याची तक्रार मास्टरकार्डने २०१८ साली अमेरिकी सरकारकडे केली. रुपेला मिळणाऱ्या सरकारी प्रोत्साहनाबद्दल व्हिसानेही त्याच दरबारी गाऱ्हाणे घातल्याचे रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये उघड केले. दरम्यान, भारतीयांच्या देयक-व्यवहारांची सर्व माहिती भारतातच साठविली पाहिजे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी काढला होता. तो न पाळल्याबद्दल मास्टरकार्डला २२ जुलै २०२१ पासून नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली. पूर्तता झाल्यानंतरच, जून २०२२ मध्ये, ही बंदी उठली.

जाळे परक्याच्या हाती असण्याचा अर्थ काय होतो, याचे प्रात्यक्षिक रशियात पाहावयास मिळाले. युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणाचे समर्थन कोणीही समाजवादी करणार नाही. येथे प्रश्न केवळ यंत्रणेचा आहे. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही कंपन्यांनी रशियातील काम थांबविले. रशियन बँकांची कार्डे देशाबाहेर निरुपयोगी झाली आणि परदेशी सेवांची वर्गणी भरण्याचा नेहमीचा मार्ग सामान्य नागरिकालाही बंद झाला. परंतु देशातली दुकाने बंद पडली नाहीत. २०१४ साली अशाच निर्बंधांची चुणूक दिसल्यानंतर त्या देशाने स्वतःची कार्ड-यंत्रणा उभारली होती आणि अंतर्गत व्यवहार तिच्यावरून जात होते. यातून कोणत्याही देशाने घ्यावयाचा बोध उघड आहे. मित्रत्वाच्या काळात जाळे भाड्याने घेता येते. संकटाच्या काळात ते मालकाचेच असते.

फुकटाचा हिशेब

येथपर्यंतचे विवेचन ऐकून कोणाचा असा समज होईल की देशी जाळे आले आणि प्रश्न सुटला. तसे झालेले नाही. मग गावच्या बँकेचे कार्ड अजूनही अडते का, याचे उत्तर पैशाच्या हिशेबात आहे.

कार्डाने पैसे घेणारा विक्रेता त्या रकमेचा एक अंश बँकांना आणि जाळ्याला देतो. त्याला एमडीआर म्हणतात. या रकमेतील मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डेबिट कार्डावर वीस लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या विक्रेत्याकडून कमाल ०.४० टक्के आणि त्याहून मोठ्याकडून कमाल ०.९० टक्के घेता येतात. एकशे एकोणपन्नास रुपयांवर ०.९० टक्के म्हणजे एक रुपया चौतीस पैसे झाले. मग १ जानेवारी २०२० पासून केंद्र सरकारने रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय या दोहोंवरील एमडीआर शून्य केला. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या डेबिट कार्डांवर तो चालू राहिला.

परिणाम काय झाला ते पाहावे. ग्राहकाने तेच एकशे एकोणपन्नास रुपये परक्या जाळ्याच्या कार्डाने भरले तर त्याच्या बँकेला काही पैसे मिळतात. देशी जाळ्याच्या कार्डाने भरले तर काहीही मिळत नाही. उलट परवानगी नोंदविण्याची यंत्रणा उभारावी लागते, २४ तास आधीची सूचना पाठवावी लागते, वसुलीनंतरचा संदेश द्यावा लागतो, तक्रार आली तर निवारण करावे लागते. आणि यासाठी ग्राहकाकडून छदामही घेता येत नाही. मोठ्या बँकेला हा खर्च इतर उत्पन्नात जिरवता येतो. दहा-वीस शाखांच्या नागरी सहकारी बँकेने तो कोठून करावा? देशात अशा सुमारे दीड हजार बँका असून त्यांतील सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. ज्या सोयीतून उत्पन्न नाही ती उभारण्यास त्यांच्यापैकी अनेकींचे हात धजत नाहीत, यात नवल नाही. शिक्षकाच्या पडद्यावर उमटलेल्या नकाराचे मूळ बरेचसे येथे आहे.

सरकारने भरपाई म्हणून अनुदान दिले हे खरे. २०२१-२२ साठी १,३०० कोटी आणि २०२२-२३ साठी २,६०० कोटी रुपयांच्या योजना मंजूर झाल्या. परंतु २०२४-२५ साठीची योजना १,५०० कोटींची आणि लहान दुकानदारांकडील छोट्या यूपीआय व्यवहारांपुरतीच होती. दरवर्षी मंत्रिमंडळाच्या मर्जीवर कमीजास्त होणाऱ्या अनुदानावर कोणतीही संस्था दीर्घ मुदतीची यंत्रणा उभारू शकत नाही.

शून्य दराने लाभ कोणाचा झाला, हेही विचारले पाहिजे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा झाला. तो होणे इष्टच होते. पण त्याच नियमाने अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या ओटीटी कंपनीलाही वसुलीच्या खर्चातून तेवढीच मुक्ती मिळाली. चहावाल्याला आणि बहुराष्ट्रीय कंपनीला एकाच मापाने मोजणे याला समता म्हणत नाहीत.

रस्ता सार्वजनिक, वाहने परकी

कार्ड अडते तर यूपीआयने भरावे, खात्याला यूपीआय जोडलेले असले की बँक लहान का असेना काम होते, असे आता सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाले, जुलै २०२० मध्ये त्यावर दरमहाच्या आपोआप वसुलीची सोय आली, आणि ओटीटी कंपन्यांनी तिचा स्वीकार केला. गावच्या सहकारी बँकेच्या खातेदाराला यामुळे बरीच मोकळीक मिळाली, हे मान्य केलेच पाहिजे. सार्वजनिक हेतूने उभारलेल्या यंत्रणेचे हे यश आहे.

पण या रस्त्यावर धावणारी वाहने कोणाची आहेत? यूपीआयच्या व्यवहारांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यवहार केवळ दोन अ‍ॅपवरून होत आले आहेत. फोनपे आणि गुगल पे ही ती दोन अ‍ॅप. पहिल्यातील मोठा हिस्सा वॉलमार्टचा, दुसरे गुगलचे. कोणाही एका अ‍ॅपकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार असू नयेत, असा नियम नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०२० मध्ये केला. त्याच्या पूर्ततेची मुदत प्रथम २०२२ अखेरची होती. ती २०२४ अखेरपर्यंत आणि तेथून २०२६ अखेरपर्यंत लांबविण्यात आली. गावच्या बँकेने सूचनेचा संदेश पाठविण्यात कसूर केली तर तिच्यावर कारवाईचा बडगा. बड्यांना मात्र मुदतीमागून मुदत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तयार केलेले भीम हे अ‍ॅप ३० डिसेंबर २०१६ पासून उपलब्ध असूनही त्याचा वाटा अगदी किरकोळ राहिला, कारण ते लोकप्रिय करण्यासाठी लागणारा पैसा आणि चिकाटी यांपैकी काहीही पुरेसे खर्ची पडले नाही.

कार्डाच्या कोपऱ्यातील परके नाव पुसले गेले आणि मोबाइलच्या पडद्यावर दुसरे परके नाव आले. जाळे देशाचे झाले, पण ग्राहकाशी असलेले नाते, त्याच्या खरेदीची माहिती आणि त्यातून मिळणारी सत्ता पुन्हा दुसऱ्याच्याच हाती गेली. शिवाय ग्राहक जेव्हा म्हणतो की पैसे अमुक अ‍ॅपने भरले, तेव्हा त्याचा पैसा जेथे खरोखर ठेवलेला आहे त्या गावच्या बँकेचे नावही त्याच्या ओठावर येत नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

या साऱ्यातून निष्पन्न होणारी भूमिका स्पष्ट आहे. विदेशी ते सर्व त्याज्य आणि देशी ते सर्व वंद्य, ही समाजवाद्यांची भूमिका नव्हे. चित्रपट कोणत्याही देशाचा पाहावा; पैसे भरण्याचा मार्ग मात्र लोकांच्या मालकीचा, सर्वांना सारखा खुला आणि ग्राहकाच्या संमतीने चालणारा असावा. त्यासाठी काही मागण्या नेटाने मांडल्या पाहिजेत.

पहिली मागणी दराची. शून्य एमडीआर लहान दुकानदारांसाठी कायम राहावा. मोठ्या कंपन्यांकडून मात्र वाजवी दर घेतला जावा आणि त्याचा निश्चित हिस्सा ग्राहकाच्या बँकेला मिळावा. ग्राहकावर त्याचा बोजा पडू नये. असे झाल्यास दरवर्षीच्या अनुदानासाठी हात पसरावे लागणार नाहीत.

दुसरी मागणी सहकारी बँकांसाठी सामाईक यंत्रणेची. साखर कारखाने आणि दूध संघ ज्या तत्त्वावर उभे राहिले त्याच तत्त्वावर बँकांच्या संघांनी ई-मँडेटची एकच सोय सर्वांसाठी उभारावी. प्रत्येकाने स्वतंत्र विहीर खणण्यापेक्षा एका पाटाचे पाणी सर्वांच्या शेतात येणे केव्हाही स्वस्त.

तिसरी मागणी मक्तेदारीच्या मर्यादेची. तीस टक्क्यांच्या नियमाला पुन्हा मुदतवाढ मिळता कामा नये, आणि भीम अ‍ॅपवर सार्वजनिक पैसा जबाबदारीने खर्च झाला पाहिजे.

चौथी मागणी भाषेची. वसुलीच्या आधी येणारी सूचना ग्राहकाला कळेल अशा भाषेत, महाराष्ट्रात मराठीत, आली पाहिजे. न समजणारी सूचना आणि न दिलेली सूचना यांत फारसे अंतर नसते. वर्गणी सुरू करणे जितके सोपे, तितकेच ती बंद करणेही सोपे असले पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवण्याच्या क्लृप्तीला अनुचित ठरविले आहे. हे कागदावरील कलम प्रत्यक्षात आणण्यासाठी तक्रारी दाखल व्हाव्या लागतील, आणि त्या दाखल करणारी माणसे लागतील.

तेथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. सहकारी बँकेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासद म्हणून उभे राहून ई-मँडेटची सोय आहे की नाही, नसल्यास का नाही, हा प्रश्न विचारण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. कार्डाची ऑनलाइन कळ कशी सुरू करावी, नको असलेली परवानगी कशी रद्द करावी, आलेला संदेश कसा वाचावा, हे सांगणारा एक तास ग्रंथालयात, शिक्षक संघटनेच्या कार्यालयात वा बचत गटाच्या बैठकीत सहज घेता येईल. त्यासाठी व्यासपीठ नको, हारतुरे नकोत. ज्याचे कार्ड नाकारले गेले त्याला दोष त्याचा नाही एवढे पटवून दिले, तरी तो खाते घेऊन शहराकडे धावण्यापूर्वी आपल्या बँकेच्या व्यवस्थापकाच्या दारात जाईल. असे दहा सभासद गेले तर व्यवस्थापक संचालकांकडे जाईल, आणि संचालकांना संघाकडे जाणे भाग पडेल. सहकारात दडपण असे खालून वर जाते, आणि ते खालूनच सुरू करावे लागते.